सुतळी, रेशीम आणि पितळेची तार

शाळेत स्थितिक विद्युतचा धडा सगळ्यांनाच असतो. कंगवा केसांवरून फिरवायचा, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा, कपटे टुणकन उडून चिकटतात. मग काचेची कांडी आणि रेशीम, एबोनाइटची कांडी आणि लोकर. सजातीय प्रभार एकमेकांना लोटतात, विजातीय ओढतात. दोन मार्कांचा प्रश्न. पुढचा धडा.

या धड्यातली एक गोष्ट मला कायम खटकत आलीय. प्रभार नावाचं 'काहीतरी' आहे, ते एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत जातं, हे पुस्तक पहिल्या ओळीतच सांगून टाकतं. पण कंगव्याकडे बघून हे कुणाला सुचेल? कंगवा घासला की त्याच्यात एक गुण येतो, एवढंच दिसतं. चाफ्याला वास असतो तसा. वास चाफ्याचा, ओढ कंगव्याची. तो गुण कंगव्यातून निघून दाराच्या कडीत जाऊन बसेल असं आपल्याला का वाटावं?

गंमत म्हणजे दोन हजार वर्षं कुणाला वाटलंच नाही. ग्रीकांना माहीत होतं की अंबर घासला की तो काड्याकुड्या ओढतो. ग्रीक भाषेत अंबर म्हणजे 'इलेक्ट्रॉन', आणि आपला सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा संसार त्या एका शब्दावर उभा आहे. संस्कृतात अंबरासाठी 'तृणमणी' असा शब्द आहे, गवत ओढणारा मणी. फारसीत 'कहरुबा', म्हणजे काडीचोर. म्हणजे निरीक्षण सगळीकडे होतं. पण त्या निरीक्षणाचं पुढे काही झालं नाही. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्लिश डॉक्टरने चुंबकावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात दाखवलं की हा गुण एकट्या अंबरात नाही. काच, गंधक, लाख, हिरा असे बरेच पदार्थ घासल्यावर तसंच करतात. त्यांना त्याने 'इलेक्ट्रिक' म्हटलं, म्हणजे अंबरासारखे. धातू मात्र किती घासले तरी काही करत नाहीत, म्हणून ते 'नॉन-इलेक्ट्रिक'. आपण आज ज्यांना वीज वाहून नेणारे म्हणतो, ते बिचारे त्या काळात चक्क बिनविजेचे होते!

पुढची सव्वाशे वर्षं हीच यादी लांबवण्यात गेली. ही यादी ज्याने मोडीत काढली तो माणूस आपल्या पुस्तकात नाही. न्यूटन आहे, फ्रँकलिन आहे, कुलोम आहे, फॅरडे आहे. स्टीफन ग्रे नाही. आजचा लेख त्याच्यावर.

ग्रे १६६६ साली इंग्लंडमधल्या कँटरबरी गावात जन्मला. घरचा धंदा रंगाऱ्याचा, म्हणजे कापड रंगवायचा. बाप रंगारी, भाऊ रंगारी, आणि हाही रंगारीच झाला. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. पण माणसाला आकाशाचं वेड. स्वतः भिंगं घासून दुर्बिणी करायचा, सूर्यावरचे डाग आणि ग्रहणं टिपून ठेवायचा. १६९६ मध्ये त्याने एक गमतीशीर सूक्ष्मदर्शक केला, भिंगाच्या जागी पाण्याचा थेंब वापरून. काचेचं भिंग परवडत नसेल तर थेंब तर फुकट आहे. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापूनही आलं.

या वेडातून त्याची ओळख जॉन फ्लॅमस्टीडशी झाली. फ्लॅमस्टीड म्हणजे ग्रिनिचच्या वेधशाळेचा पहिला राजज्योतिषी. दोघांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला. ग्रे आपली निरीक्षणं पाठवायचा, आणि ती अचूक असायची. पण ही दोस्ती फार चुकीच्या वेळी झाली. त्याच सुमाराला फ्लॅमस्टीडचं न्यूटनशी वाजलं होतं. न्यूटनला त्याची ताऱ्यांची निरीक्षणं हवी होती, आणि फ्लॅमस्टीडचं म्हणणं, काम पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही. शेवटी १७१२ मध्ये न्यूटन आणि हॅली यांनी ती यादी त्याच्या मर्जीविरुद्ध छापली. फ्लॅमस्टीडने नंतर छापलेल्या ४०० प्रतींपैकी ३०० मिळवल्या आणि जाळून टाकल्या. (डेटा कुणाचा, हा वाद किती जुना आहे बघा.) आणि हा न्यूटन १७०३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७२७ पर्यंत, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता.

१७०७ मध्ये ग्रे केंब्रिजला गेला. ट्रिनिटी कॉलेजात नवी वेधशाळा होत होती, तिथे रॉजर कोट्सचा मदतनीस म्हणून. रमला नाही, वर्षभरात परत आला आणि पुन्हा रंगाच्या पिंपांसमोर उभा राहिला. १७०८ च्या सुरुवातीला त्याने सोसायटीला एक लांबलचक पत्र पाठवलं, घासलेली काचेची नळी पिसाला कशी ओढते, ढकलते, अंधारात तिच्यातून उजेड कसा निघतो, याबद्दल. तेव्हा सोसायटीत याच विषयावर फ्रान्सिस हॉक्सबी प्रयोग करत होता. तो न्यूटनचा माणूस. ग्रेचं पत्र छापलं गेलं नाही. ते कागदपत्रांत पडून राहिलं आणि थेट विसाव्या शतकात छापून आलं.

इथे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं की न्यूटनने ग्रेला दाबलं. ऐकायला छान गोष्ट आहे. खलनायक मोठा असला की गोष्टीला वजन येतं. पण मला ती पूर्ण पटत नाही. १७२० मध्ये, न्यूटन अध्यक्ष असतानाच, ग्रेचा विजेवरचा एक लेख त्याच नियतकालिकात छापला गेला. केस, रेशीम, कागद, पिसं अशा वस्तूही घासल्यावर 'इलेक्ट्रिक' होतात, असा. म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. माझ्या मते कट वगैरे करण्याची गरजच नव्हती. ज्याला ना पदवी, ना पैसा, ना सभासदत्व, आणि ज्याचा एकुलता एक मोठा मित्र अध्यक्षांचा शत्रू, त्याचं पत्र खाली दबून राहायला कुणी मुद्दाम दाबावं लागत नाही.

दरम्यान शरीर थकलं. रंगाऱ्याचं काम म्हणजे ओलं, जड, कमरेचं. काही दिवस त्याने लंडनमध्ये डेझागुलिए नावाच्या प्रयोगकाराकडे काम केलं. मग १७१९ मध्ये चार्टरहाउस या संस्थेत त्याला जागा मिळाली. चार्टरहाउस म्हणजे एका जुन्या मठात १६११ मध्ये थॉमस सटन याच्या देणगीतून सुरू झालेली धर्मादाय संस्था. एका बाजूला मुलांची शाळा, दुसऱ्या बाजूला परिस्थितीने गांजलेल्या म्हाताऱ्यांना खोली आणि जेवण. सरळ शब्दांत, ग्रे वयाच्या बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी वृद्धाश्रमात गेला. आपल्याकडे या वयात लोक दुसऱ्या फ्लॅटचं बुकिंग करतात.

आणि त्याचं खरं काम यानंतर, दहा वर्षांनी सुरू होतं.

फेब्रुवारी १७२९. ग्रेकडे साडेतीन फुटांच्या आसपास लांबीची, दोन्ही टोकांना उघडी काचेची नळी होती. वापरात नसताना आत धूळ जाऊ नये म्हणून तो तिच्या तोंडांना बुचं लावून ठेवायचा. एकदा त्याला वाटलं, बुचं लावलेली असताना नळी घासली तर ओढीत काही फरक पडतो का बघू. नळीच्या ओढीत फरक पडला नाही. पण टोकाजवळ पीस धरलं तर ते बुचाकडे गेलं.

घासलेली काच. बूच तर कुणी घासलेलं नाही. मग बुचात ओढ आली कुठून?

आपण असतो तर कदाचित 'असेल काहीतरी' म्हणून नळी ठेवून दिली असती. याने एक हस्तिदंती गोळा घेतला, त्याला भोक पाडलं, एका काडीचं एक टोक गोळ्यात आणि दुसरं बुचात खुपसलं. नळी घासली. गोळा पीस ओढू लागला, बुचापेक्षाही जोरात. मग काडी लांब केली. मग काडीच्या जागी तार लावली, पण नळी घासताना तार इतकी हलायची की काम होईना. मग सुतळी. नळीला सुतळी बांधायची, तिच्या खालच्या टोकाला गोळा, वर नळी घासायची आणि खाली पितळेच्या वर्खाचे तुकडे गोळ्याकडे उडतात का बघायचं. उडत होते.

मग त्याने हाताला येईल ते त्या सुतळीला टांगलं. नाणी, शिशाचा तुकडा, शेगडीचं फावडं, चिमटा, सळई, चांदीचा पेला, विटा, कौलं, खडू, पालेभाज्या. तांब्याची चहाची किटली तर रिकामी करून, गार पाणी भरून आणि गरम पाणी भरून अशी तिन्ही प्रकारे. हे वाचताना मला त्याची खोली डोळ्यांसमोर येते. प्रयोगशाळा नाहीच. आहे ती घरातली भांडीकुंडी. आणि प्रत्येक वस्तू पीस ओढत होती. गिल्बर्टच्या यादीत ज्या धातूंना 'बिनविजेचे' म्हटलं होतं, तेसुद्धा!

आता प्रश्न, हे किती लांब जातं? खोलीची उंची संपली. मे महिन्यात तो केंट परगण्यात एका मित्राकडे गेला, तिथे गच्चीवरून सुतळी खाली सोडली. पन्नास फुटांच्या आसपास जमलं. याहून उंच काय? लंडनला परतल्यावर सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटावरून दोरी सोडायची, असा त्याचा बेत होता. साठीला टेकलेला, वृद्धाश्रमात राहणारा माणूस आणि हा बेत :-)

उंची मिळत नसेल तर आडवं जावं, हे सुचणं साहजिक होतं. ते त्याने करूनही पाहिलं. तुळईला खिळा ठोकला, खिळ्याला सुतळीचा फास घालून लटकवला, त्यातून आडवी सुतळी नेली. टोकाला काहीच नाही. गोळा गप्प. ग्रेचा तर्क असा की तो गुण (त्याचा शब्द 'विद्युतगुण' असा काहीसा) फासापर्यंत पोचला की वरच्या वर तुळईत निघून जातोय, गोळ्यापर्यंत येतच नाहीये.

या वाक्याशी जरा थांबू. 'निघून जातोय.' चाफ्याचा वास असा खिळ्यातून निघून जात नाही. इथे पहिल्यांदा कुणीतरी त्या ओढीबद्दल पाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होतं, जणू पन्हळीला भोक आहे आणि तिथून गळतंय. विद्युतभाराची कल्पना मला इथे पहिल्यांदा दिसते. शब्द अजून नव्हता, वागणूक दिसली होती.

जूनच्या शेवटी ग्रे केंटमध्येच ऑटरडेन इथे ग्रॅनव्हिल व्हीलर या सुखवस्तू गृहस्थाच्या वाड्यावर गेला. व्हीलर वयाने बराच लहान, हौशी, आणि मुख्य म्हणजे जागा भरपूर. आधी खिडकीतून, मग गच्चीच्या कठड्यावरून, मग घड्याळाच्या मनोऱ्यावरून सुतळ्या सोडून झाल्या. मग व्हीलर म्हणाला, आडवं नेऊ. ग्रेने सांगितलं, केलंय, गळतं. व्हीलरने सुचवलं, सुतळीला आधार द्यायला रेशमाचा धागा वापरू. ग्रेला ते पटलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. रेशमाचा धागा बारीक. बारीक वाटेने कमी गळेल.

२ जुलै १७२९, सकाळी दहाच्या सुमारास, वाड्यातल्या लांब दालनात आडवे रेशमाचे धागे ताणले आणि त्यांवरून सुतळी नेली, सुमारे ८० फूट. एका टोकाला व्हीलर किंवा ग्रे नळी घासतोय, दुसऱ्या टोकाला दुसरा वर्खाकडे डोळे लावून बसलाय. वर्ख उडाला. मग सुतळी परत फिरवून १४७ फूट. तेही जमलं. दालन अपुरं पडायला लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं धान्याच्या कोठारात गेले, सुतळी आणखी लांब केली, आणि तिच्या वजनाने, नळी घासताना बसणाऱ्या हिसक्यांनी, रेशीम तुटलं.

रेशमाला वजन पेलत नाही म्हणून त्यांनी तितकीच बारीक लोखंडी तार लावली. तीही तुटली. मग जराशी जाड पितळेची तार. ती टिकली. नळी घासली.

काहीच नाही. नळी कितीही घासा, वर्ख जागचा हलत नाही.

ज्यांनी कधी प्रॉडक्शनमधला बग शोधलाय त्यांना हा क्षण ओळखीचा असेल. काल चालत होतं, आज चालत नाही, आणि मधे एकच गोष्ट बदलली आहे. ग्रेची थिअरी होती की आधार बारीक हवा. तार बारीकच होती, तरी सगळं गळून गेलं. म्हणजे जाडीचा संबंध नाही. संबंध आहे तो रेशीम आणि पितळ यांतल्या फरकाशी. दोघांनी लगेच रेशमाचे जास्त धागे लावले, सुतळी पुन्हा त्यावर ठेवली, आणि गोळा पुन्हा जागा झाला.

वाहक आणि विसंवाहक हा आपल्या पुस्तकातला भेद केंटमधल्या एका कोठारात, धागा तुटल्यामुळे, असा सापडला. ('कंडक्टर' हा शब्द मात्र ग्रेचा नाही. तो नंतर डेझागुलिएने रुळवला.) त्याच उन्हाळ्यात दोघांनी बाहेर शेतात खांब रोवून, त्यांवर रेशीम ताणून, ७६५ फुटांपर्यंत मजल मारली. एका संध्याकाळी आठच्या सुमारास ओढ एकदम बंद पडली. दव पडायला लागलं म्हणून, की नळी घासून घासून आपण घामाघूम झालो म्हणून, हे सांगता येत नाही, असं ग्रेने इमानदारीत लिहून ठेवलंय.

आज आपल्याला सांगता येतं. दोन्ही कारणं एकच आहेत, पाणी. मल्टीमीटर लावला तर सुतळी बहुधा 'ओपन सर्किट' दाखवेल, मग ती वाहक कशी? कारण इथे मामला फार थोड्या भाराचा आणि फार मोठ्या दाबाचा आहे. घासलेल्या नळीवर व्होल्ट हजारोंनी असतात, पण भार एवढासाच. तो वाहायला सुतळीतला जरासा ओलावा, त्यात विरघळलेले क्षार, एवढं पुरतं. कोरडं रेशीम मात्र तो अडवतं. दव पडून रेशीम ओलं झालं की तेही गळायला लागतं. म्हणूनच पुण्यात जानेवारीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो आणि मुंबईत जुलैमध्ये तो येत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात सगळ्या वस्तूंवर पाण्याचा पातळ थर असतो, भार साठायच्या आत ओघळून जातो. हार्डवेअरवाले मनगटाला पट्टा बांधून बोर्डाला हात लावतात, तोही ग्रेच्या पितळेच्या तारेचाच भाऊ. अंगावरचा भार गळून जावा म्हणून मुद्दाम केलेली वाट. त्यात सहसा एक मेगाओहमचा रोध असतो, म्हणजे भार तर जाईल पण चुकून लाइव्ह वायरला हात लागला तर माणूस जाणार नाही.

पुढच्या वर्षी, ८ एप्रिल १७३० ला, ग्रेने सगळ्यात गाजलेला प्रयोग केला. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, वजन ४७ पौंड १० औंस (म्हणजे साडेएकवीस किलोच्या आसपास, हे वजनही त्याने नोंदवलंय), वीज न वाहणाऱ्या दोऱ्यांवर आडवा, जमिनीला समांतर टांगला. घासलेली नळी त्याच्या पायांजवळ नेली, न टेकवता. मुलाच्या चेहऱ्याकडे खालून वर्खाचे तुकडे उडू लागले. माणूससुद्धा वाहक आहे! हा खेळ पुढे युरोपभर दरबारांत आणि दिवाणखान्यांत चालला. नळी टेकवलेली नसताना चेहऱ्यावर भार कसा, तर मुलाच्या अंगातला भारच सरकतो. नळीच्या विरुद्ध जातीचा भार पायांकडे ओढला जातो, सजातीय दुसऱ्या टोकाला ढकलला जातो. कंगव्याकडे कागदाचा कपटा उडतो तो याच तत्त्वाने. कपट्यावर एकूण भार शून्यच असतो, फक्त जवळच्या बाजूला विजातीय आणि लांबच्या बाजूला सजातीय अशी किंचित फाळणी होते, आणि जवळचा जिंकतो.

न्यूटन १७२७ मध्ये वारला होता. नवा अध्यक्ष हॅन्स स्लोन, ज्याच्याकडे १७०८ मध्ये ग्रेने ते पत्र पाठवलं होतं तोच. १७३१ मध्ये ग्रेचे प्रयोग छापले गेले. त्याच वर्षी सोसायटीने कॉप्ली पदक द्यायला सुरुवात केली, पहिलं पदक ग्रेला. १७३२ चं दुसरंही ग्रेलाच. मग साठी ओलांडून गेल्यावर सोसायटीचं सभासदत्व. राहायचा मात्र चार्टरहाउसमध्येच.

आता फ्रान्स. शार्ल द्यु फे, पॅरिसमधल्या राजाच्या बागेचा प्रमुख, वय जेमतेम पस्तीस, पैशाची ददात नाही. योगायोग बघा, सरकारने त्याच्यावर कापड रंगवण्याच्या धंद्याची तपासणीही सोपवली होती. ग्रेचे प्रयोग वाचून त्याने ते पुन्हा केले आणि १७३३ मध्ये एक विचित्र गोष्ट पाहिली. सोन्याचा वर्ख घासलेल्या काचेला शिवला की तो काचेपासून दूर पळतो. तो तसा हवेत तरंगत असताना द्यु फेने घासलेला राळेचा तुकडा जवळ नेला. त्याची अपेक्षा, हाही ढकलेल. वर्ख येऊन राळेला चिकटला. तेव्हा वीज दोन जातींची, त्याने नावं दिली काचेची आणि राळेची. सजातीय-विजातीयचा नियम इथून आला. याचं श्रेय द्यु फेचं आणि ते त्याला मिळायलाच हवं, पण आधी वर्ख 'भरता' येतो हे ग्रेशिवाय कळलं नसतं.

दोन जाती की एक? हा प्रश्न समुद्रापलीकडे फिलाडेल्फियात सुटला, निदान सुटल्यासारखा झाला. बेंजामिन फ्रँकलिनला लंडनच्या पीटर कॉलिन्सन या कापडव्यापाऱ्याने काचेची नळी पाठवली होती. (या गोष्टीत कापडवाले किती आहेत!) १७४७ मध्ये फ्रँकलिनने त्याला पत्रातून कळवलेला प्रयोग फार सुंदर आहे. दोन माणसं मेणाच्या ठोकळ्यांवर उभी करा, म्हणजे जमिनीशी संबंध तुटला. एक जण नळी घासतो, दुसरा नळीवरून भार घेतो. तिसरा माणूस जमिनीवर उभा राहून दोघांपैकी कुणालाही बोट लावेल तर ठिणगी पडते. पण त्या दोघांनी एकमेकांना बोट लावलं तर ठिणगी आणखी मोठी, आणि मग दोघांतही काही उरत नाही. फ्रँकलिनचा निष्कर्ष, घासण्याने वीज निर्माण होत नाही. एकाकडची दुसऱ्याकडे जाते, एवढंच. एकाकडे जास्त, त्याला अधिक म्हणू. दुसऱ्याकडे तितकीच कमी, त्याला उणे म्हणू. बेरीज कायम. हिशेबाची वही ठेवणाऱ्या माणसाला सुचावी अशीच कल्पना आहे, आणि फ्रँकलिन मुळात दुकानदार, छापखानेवाला. विद्युतभाराची अक्षय्यता हा नियम आजपर्यंत एकदाही मोडलेला सापडलेला नाही.

कोण अधिक आणि कोण उणे, हे मात्र त्याला कळायला मार्ग नव्हता. घासलेल्या काचेला त्याने अधिक म्हटलं. टॉस उडवल्यासारखंच. दीडशे वर्षांनी, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला तेव्हा लक्षात आलं की रेशमाने काच घासली की इलेक्ट्रॉन काचेतून रेशमात जातात. म्हणजे काचेकडे खरं तर तूट येते. पण तोपर्यंत सगळी सूत्रं, सगळ्या आकृत्या अधिक चिन्हावर उभ्या राहिल्या होत्या. बदलायचं कुणी? बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! म्हणून आजही तारेत प्रवाहाचा बाण एका दिशेला काढतात आणि इलेक्ट्रॉन उलट्या दिशेला जातात.

आता आकडे माहीत आहेत. एका इलेक्ट्रॉनचा भार १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कुलोम, २०१९ पासून व्याख्येनेच पक्का केलेला. एक नॅनोकुलोम म्हणजे साधारण ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. आणि तरीही, अमुक दोन पदार्थ घासले तर कुणाचे इलेक्ट्रॉन कुणाकडे जातील आणि का, याचं सगळ्या पदार्थांना लागू पडेल असं उत्तर भौतिकशास्त्राकडे अजून नाही. एकाच पदार्थाचे दोन तुकडे घासले तरी भार येतो, कधी कधी. तृणमणीचा पहिलाच प्रश्न थोडा शिल्लक आहे.

ग्रेचं शेवटचं सांगायचं राहिलं. म्हातारपणी त्याला वाटू लागलं होतं की ग्रह सूर्याभोवती फिरतात तेही विजेमुळेच असावं. राळेच्या वडीवर लोखंडी गोळा ठेवायचा, त्याला नळीने भारित करायचा, आणि दोऱ्याला बांधलेला हलका तुकडा हातात धरून गोळ्यावर सोडायचा. ग्रेच्या हातात तो तुकडा गोळ्याभोवती फिरायला लागायचा, आणि ग्रहांसारखाच नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे. १४ फेब्रुवारी १७३६ ला सोसायटीचा सचिव क्रॉमवेल मॉर्टिमर त्याच्या अंथरुणाशी बसून हे सगळं लिहून घेत होता. देवाने आणखी थोडं आयुष्य दिलं तर यातून मोठं काही काढेन, अशी त्याची उमेद होती. दुसऱ्या दिवशी तो गेला.

प्रयोग पुढे व्हीलरने हातात घेतला, त्याच ऑटरडेनमध्ये. बरेच दिवस करून पाहिल्यावर त्याला कळलं की तुकडा पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो तो दोरा धरणाऱ्याची तशी इच्छा असते म्हणून. हात नकळत, अगदी जरासा हलतो. हे त्याने जाहीर केलं, आणि ग्रेने कुणाला फसवलं असं एका शब्दानेही म्हटलं नाही.

ग्रेचं एकही चित्र माहीत नाही. किरणोत्सारात 'ग्रे' नावाचं एकक आहे खरं, पण ते विसाव्या शतकातल्या लुई हॅरल्ड ग्रे या दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे.